पेशाचा आकडा आणि शौर्याचा दावा

#धागा #लष्करी_इतिहास

१/
"व्हिएतनाममध्ये मी स्पेशल फोर्सेसमध्ये होतो, माझा संकेतांक '१८ बी'." असे कोणी अमेरिकी गृहस्थ सांगू लागले, तर लष्करी कागदपत्रांचा जाणकार तेथेच थबकतो. '१८ बी' हा स्पेशल फोर्सेसमधील शस्त्रतज्ज्ञ सार्जंटचा संकेतांक आहे, हे खरे. परंतु '१८' ही मालिकाच मुळी १९८० च्या दशकात अस्तित्वात आली आणि अमेरिकेचे लढाऊ सैन्य व्हिएतनाममधून परतले ते १९७३ मध्ये. जो आकडा त्या युद्धात नव्हताच, तो त्या युद्धातून कोणी सोबत आणू शकत नाही.

२/
दोन आकडे आणि एक अक्षर एवढ्यावर एखाद्याचे असत्य उघडे पडते, ही या संकेतांकांची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की याच आकड्यांवर बोट ठेवून खऱ्या सैनिकांनाही वर्षानुवर्षे पुरावे मागितले गेले. मुळात हे संकेतांक कोणाचे शौर्य तपासण्यासाठी निघालेले नव्हते. ते कशासाठी निघाले, दाव्यांच्या पडताळणीत कसे आले आणि त्यांच्यावर कोठपर्यंत भिस्त ठेवावी, याचा हा इतिहास.

३/
अमेरिकी भूदलात प्रत्येक सैनिकाला त्याच्या कामाचा एक संकेतांक असतो. त्याला 'मिलिटरी ऑक्युपेशनल स्पेशालिटी', संक्षेपाने 'एमओएस', म्हणतात. '११ बी' म्हणजे पायदळाचा सैनिक. बोलीत 'इलेव्हन ब्राव्हो'. '११ सी' म्हणजे उखळी तोफ चालवणारा पायदळाचा सैनिक. मरीन कोअरमध्ये चार अंकी आकडे चालतात. तेथील रायफलधारी सैनिक '०३११'. नौदल आणि हवाई दल यांच्या पद्धती आणखी निराळ्या. म्हणजे पडताळणीची पहिली पायरीच अशी, की गृहस्थ ज्या दलाचे नाव सांगतात त्याच दलाच्या धाटणीचा आकडा ते सांगतात का?

४/
या पद्धतीचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिचे नियमित सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होते. युद्धाच्या अखेरीस ही संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. या लोंढ्यातून मोटारचालक, सुतार, तारयंत्रज्ञ, लोहार, स्वयंपाकी निवडायचे कसे? ऑगस्ट १९१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली सैनिकांच्या वर्गीकरणासाठी एक समिती नेमण्यात आली. प्रत्येक भरती झालेल्या माणसाचे शिक्षण, धंदा आणि कौशल्य एका कार्डावर नोंदवले जाऊ लागले.

५/
समितीपुढे लगेचच एक अडचण उभी राहिली. माणसे आपल्याला येत नसलेला धंदाही येतो म्हणून सांगत. कोणाला खंदकापेक्षा कार्यशाळा बरी वाटे, तर कोणाला आपले कौशल्य आहे त्याहून मोठे वाटे. यावर उपाय म्हणून 'ट्रेड टेस्ट' म्हणजे धंद्याच्या परीक्षा तयार झाल्या. काही तोंडी, काही चित्रे दाखवून, काही प्रत्यक्ष काम करवून. त्यांवरून माणूस नवशिका, शिकाऊ, कारागीर की निष्णात, हे ठरे. लष्करी व्यवसायनोंदींच्या जन्माशीच खोट्या दाव्यांची पारख जोडलेली आहे. मात्र तेव्हा पारख मुलकी धंद्याची होती, युद्धातील पराक्रमाची नव्हे.

६/
दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत पक्की झाली. कामांना तीन अंकी क्रमांक मिळाले: रायफलधारी सैनिक ७४५, हलक्या ट्रकचा चालक ३४५, स्वयंपाकी ०६०. युद्धानंतर लाखो सैनिक घरी परतू लागले तेव्हा सेवामुक्तीच्या कागदासोबत त्यांना आणखी एक कागद दिला जाई. सैन्यात कोणते काम केले, त्यात कोणती कौशल्ये लागली, हे त्यावर मालकांना समजेल अशा भाषेत लिहिलेले असे. संकेतांकाचा वाचक म्हणून तेव्हा डोळ्यांपुढे होता तो नोकरी देणारा माणूस.

७/
आता गुंतागुंत सुरू होते. काम तेच राहिले, आकडे मात्र बदलत गेले. दुसऱ्या महायुद्धातील रायफलधारी ७४५ होता. कोरियाच्या युद्धात हलक्या शस्त्रांचा पायदळ सैनिक ४७४५ झाला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पायदळासाठी १११ ने सुरू होणारे आकडे आले आणि १९६० च्या दशकात '११ बी' रूढ झाला. खांद्यावर रायफल घेऊन चालणाऱ्या माणसाला वीसेक वर्षांत चार नावे मिळाली. आजोबांच्या कागदावर '११ बी' दिसत नाही म्हणून ते पायदळात नव्हते, असा निष्कर्ष काढणारा नातू चुकतो तो येथेच.

८/
याहून फसवे उदाहरण '९१ बी'चे. व्हिएतनामच्या काळात हा संकेतांक वैद्यकीय सैनिकाचा होता, म्हणजे गोळीबारात जखमींपर्यंत धावत जाणाऱ्या 'मेडिक'चा. २००१ मध्ये मेडिकचा संकेतांक '९१ डब्ल्यू' झाला आणि २००६ मध्ये '६८ डब्ल्यू'. पुढे रिकामा झालेला '९१ बी' चाकांच्या वाहनांची दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला देण्यात आला. त्याचा जुना आकडा '६३ बी' होता. आजचा तक्ता हाती घेऊन १९६८ चा कागद वाचणारा एका मेडिकला मेकॅनिक ठरवील आणि वर त्याला लबाडही म्हणेल. आकडा वाचण्याआधी साल वाचावे लागते.

९/
हे आकडे जेथे कायमचे नोंदले जातात तो कागद म्हणजे 'डीडी २१४'. १९५० पासून अमेरिकी सैनिकाला सेवामुक्त होताना हा कागद मिळतो. सेवेचा काळ, हुद्दा, पेशा, पदके, प्रशिक्षण हे सारे त्यावर असते. व्हिएतनाम काळातील नमुन्यात पेशाच्या रकान्याला लागूनच आणखी एक रकाना होता: या कामाशी जुळणारा मुलकी व्यवसाय आणि त्याचा सरकारी व्यवसायकोशातील क्रमांक. मेकॅनिकसाठी तो सहज भरता येई. रायफलधाऱ्यासाठी तेथे काय लिहिणार? मुलकी जगात त्या कामाला जोड नव्हती.

१०/
कागद नसलेल्या काळात अशा पारखीची रीत निराळी होती. पानिपतानंतर स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, तेव्हा भाऊसाहेबांना जवळून पाहिलेल्या माणसांच्या ओळखीवर आणि त्याच्या जबानीतील विसंगतींवर निवाडा करावा लागला. विसाव्या शतकातील सैन्ये इतकी अफाट झाली, की कोणी कोणाला ओळखावे हा प्रश्नच उरला नाही. एकट्या व्हिएतनामच्या भूमीवर सुमारे २७ लाख अमेरिकी सैनिक सेवा करून आले. तेथे ओळखीची जागा कागदाने घेतली.

११/
व्हिएतनामहून परतलेल्यांचे स्वागत थंडे झाले होते. १९८० च्या दशकात वारे फिरले. १९८२ मध्ये वॉशिंग्टनला स्मारक उभे राहिले, पाठोपाठ चित्रपट आले, मुलाखती आल्या, आणि त्यांबरोबर न लढलेले योद्धेही आले. टेक्सासमधील स्मारकासाठी निधी जमवताना बी. जी. बर्केट या व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या गृहस्थांना हे प्रकर्षाने जाणवले. त्यांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून एकेकाच्या सेवानोंदी मागवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये ग्लेना व्हिटली यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'स्टोलन व्हॅलर' हे पुस्तक आले. 'चोरलेले शौर्य' हा शब्दप्रयोग तेव्हापासून सर्वतोमुखी झाला.

१२/
या पडताळणीत संकेतांक नेमके कोठे उपयोगी पडतो? उदाहरणार्थ, 'कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज'. १९४३ मध्ये सुरू झालेले हे निळ्या पट्टीवरील रायफलचे चिन्ह प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्या पायदळाच्या सैनिकासाठी आहे. पेशा पायदळाचा हवा आणि नेमणूकही तशाच तुकडीत हवी. पुढे स्पेशल फोर्सेसचाही त्यात समावेश झाला. छातीवर हे चिन्ह आणि कागदावर आरंभापासून अखेरपर्यंत केवळ स्वयंपाक्याचा संकेतांक, असे दिसले तर प्रश्न विचारायलाच हवा. मेडिकसाठी वेगळे चिन्ह आहे. इतर पेशांतील सैनिकांसाठी ते २००५ मध्ये आले.

१३/
संकेतांकाला जोडलेली अक्षरेही बोलतात. व्हिएतनाम काळात आकड्यांच्या अखेरीस 'पी' असेल तर सैनिक छत्रीधारी. 'एस' असेल तर स्पेशल फोर्सेसची पात्रता मिळवलेला. त्या काळच्या खऱ्या 'ग्रीन बेरे' सैनिकाच्या कागदावर पायदळाचा किंवा रेडिओचालकाचा साधाच आकडा आणि शेवटी 'एस' असे आढळते. वरवर पाहणाऱ्याला त्यात काहीच विशेष दिसत नाही. ज्याच्या कागदावर डौलदार '१८ बी' झळकते तो त्या काळापुरता खोटा, आणि ज्याच्या कागदावर साधा आकडा आहे तो खरा असू शकतो.

१४/
नौदलातही हेच. 'सील' पथकांची कीर्ती मोठी, त्यामुळे त्यांच्या नावावर दावेही पुष्कळ. परंतु २००६ पर्यंत 'सील' सैनिकांना स्वतःचा स्वतंत्र पेशा नव्हता. ते बोट्सवेन मेट, गनर्स मेट किंवा हॉस्पिटल कोअरमन अशा मूळ पेशांतच नोंदलेले असत आणि त्यांची खास पात्रता वेगळ्या क्रमांकाने दाखवली जाई. केवळ पेशाचे नाव वाचून 'हा तर जहाजावरचा खलाशी' असे म्हणणारा अगदी खऱ्या 'सील'लाही नाकारील.

१५/
खोटे दावे करणारे सगळे सैन्याबाहेरचेच असतात असे नाही. सर्वांत बोलके उदाहरण एका इतिहासकाराचेच आहे. जोसेफ एलिस यांना २००१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये 'बोस्टन ग्लोब'ने उघड केले, की व्हिएतनाममध्ये १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये लढल्याचे जे ते विद्यार्थ्यांना सांगत, ते घडलेच नव्हते. एलिस सैन्यात होते, अधिकारीही होते; पण ती वर्षे त्यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इतिहास शिकवण्यात घालवली होती. त्यांनी क्षमा मागितली. महाविद्यालयाने त्यांना वर्षभर बिनपगारी निलंबित केले. खऱ्या सेवेला खोटे रणांगण जोडले, की असत्य ओळखणे अधिक कठीण होते.

१६/
असे खोटे बोलणे गुन्हा ठरावा का? 'स्टोलन व्हॅलर ॲक्ट २००५' डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला आणि लष्करी पदक मिळाल्याचे खोटे सांगणे हाच गुन्हा ठरला. कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी २००७ मध्ये एका सभेत आपण निवृत्त मरीन असून 'मेडल ऑफ ऑनर'चे मानकरी आहोत, असे सांगितले. ते सैन्यात कधीच नव्हते. तरीही २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. नुसते खोटे बोलणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेबाहेर जात नाही, असा निकालाचा रोख होता.

१७/
२०१३ मध्ये नवा कायदा झाला. त्यानुसार पैसा, मालमत्ता किंवा तत्सम प्रत्यक्ष लाभ मिळवण्याच्या हेतूने पदकाचा खोटा दावा केला तरच तो गुन्हा. बढाई आणि फसवणूक यांच्यात कायद्याने रेषा आखली. उरलेली पारख समाजावर सोडली गेली. ही जबाबदारी सोपी नाही, कारण चुकीच्या आरोपाची किंमतही मोठी असते.

१८/
१६ मे १९९६ हा दिवस अमेरिकी नौदल विसरलेले नाही. साधा खलाशी म्हणून भरती होऊन नौदलप्रमुखपदापर्यंत पोहोचलेले ॲडमिरल जेरेमी बूर्डा यांनी त्या दिवशी आपले जीवन संपवले. व्हिएतनाम काळातील दोन सन्मानफितींवर ते लढाईतील सेवेचे निदर्शक असे 'व्ही' अक्षर लावत असत. त्यांचा तो अधिकार होता का, याविषयी एका साप्ताहिकाचे पत्रकार त्याच दिवशी त्यांना भेटणार होते. व्हिएतनाम काळात नौदलाचे वरिष्ठ सेनानी असलेले एल्मो झुमवाल्ट यांनी नंतर बूर्डांची बाजू घेतली. मतभेद मात्र मिटले नाहीत. प्रश्न एका इवल्याशा पितळी अक्षराचा होता आणि त्याचा नियम खुद्द नौदलातही सर्वांना एकसारखा ठाऊक नव्हता.

१९/
कागद नाही म्हणजे सेवा नाही, हे म्हणणेही धोक्याचे. १२ जुलै १९७३ रोजी मिसुरी राज्यात सेंट लुइसजवळील राष्ट्रीय सेवानोंद केंद्राच्या वरच्या मजल्याला आग लागली. ती पूर्ण विझायला चार दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या नोंदी तिच्यात गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी नष्ट झाल्या. त्यांच्या नकला नव्हत्या, सूचीही नव्हती. नॉर्मंडीला उतरलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला 'तुमची नोंद सापडत नाही' असे उत्तर मिळते, ते बहुधा या आगीमुळे.

२०/
संकेतांक सैनिकाच्या विरोधातही वापरले गेले आहेत. सेवामुक्तीच्या कागदावर पूर्वी कारणाचाही एक गुप्त आकडा असे. वरकरणी सन्मानाने सेवामुक्त झालेल्या माणसाच्या कागदावरील तो आकडा 'स्वभावदोष', 'समलिंगी कल' किंवा 'लष्करी सेवेस अयोग्य' असे काही सुचवत असे. सैनिकाला स्वतःला त्याचा अर्थ ठाऊक नसे, परंतु आकड्यांच्या याद्या बाहेर फुटल्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या हाती पडल्या. मुलाखतीला गेलेल्या तरुणाला नकार का मिळाला, हे कळतही नसे. १९७४ मध्ये हे आकडे कागदावर छापणे बंद झाले.

२१/
आणि सर्वांत मोठी झळ बसली ती मनाच्या जखमांच्या प्रकरणांत. १९८० मध्ये 'पीटीएसडी' या आघातोत्तर विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मान्यता दिली. परंतु भरपाईसाठी आघात घडल्याचा पुरावा लागे. शत्रूशी प्रत्यक्ष लढलेल्यांना १९४१ पासूनच्या कायद्याने पुराव्यात सवलत होती, आणि कोण लढला हे ठरवताना पेशाचा संकेतांक व पदके यांकडे पाहिले जाई. पायदळाच्या माणसाचे म्हणणे तुलनेने लवकर मानले जाई. ट्रकचालक, स्वयंपाकी, कारकून यांना मात्र आपल्या तळावर तोफगोळे पडले होते, हे वर्षांनंतर कागदाने सिद्ध करावे लागे.

२२/
व्हिएतनाममध्ये आघाडी अशी ठरावीक रेषा नव्हती. ट्रकचालकांच्या ताफ्यांवर घाटरस्त्यांत हल्ले होत आणि छावण्यांवर रात्री रॉकेटे पडत. ही वस्तुस्थिती नियमांत उतरायला जुलै २०१० उजाडले. तेव्हापासून सैनिकाची भीती त्याच्या सेवेचे ठिकाण आणि परिस्थिती यांच्याशी सुसंगत असेल आणि सरकारी मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाने तिला दुजोरा दिला, तर त्याची स्वतःची साक्ष पुरेशी धरली जाऊ लागली. व्हिएतनाममधील कित्येक जण तोवर वाट पाहूनच गेले होते.

२३/
इराकमध्ये हाच प्रश्न स्त्रियांबाबत आला. पायदळाचे संकेतांक स्त्रियांना डिसेंबर २०१५ च्या निर्णयानंतर खुले झाले. त्याआधी 'मी लढले' असे म्हणणाऱ्या स्त्रीच्या कागदावर पायदळाचा आकडा असणे शक्यच नव्हते. तरीही २० मार्च २००५ रोजी बगदादच्या आग्नेयेस एका ताफ्यावर हल्ला झाला, तेव्हा लष्करी पोलीस असलेल्या सार्जंट ली ॲन हेस्टर शत्रूच्या खंदकात उतरून लढल्या. त्यांना 'सिल्व्हर स्टार' मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

२४/
मग दाव्याची पारख करावी तरी कशी? प्रथम दल आणि साल विचारावे; मग त्या सालचाच तक्ता पाहावा. संकेतांकाला जोडलेली अक्षरे, प्रशिक्षणाच्या नोंदी, तुकडी, नेमणुकीचे ठिकाण आणि पदकांची यादी एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे. सांगणाऱ्याने दाखवलेल्या कागदावर न थांबता सरकारी दप्तरातील नोंद मागवावी. मर्यादित माहिती कायद्याने कोणालाही मिळू शकते. नोंद जळालेली असू शकते, हे ध्यानात ठेवावे. विसंगती आढळली तर आधी संबंधिताला विचारावे, मग इतरांना सांगावे. आकडा प्रश्न उभा करतो. एकट्या आकड्यावर निकाल देता येत नाही.

२५/
७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर डोरिस मिलर नावाचा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता. पेशा: मेस अटेंडंट, म्हणजे भोजनकक्षातील सेवक. कृष्णवर्णीयांना तेव्हा नौदलात बहुधा एवढेच काम मिळे. विमानविरोधी मशीनगनचे शिक्षण त्यांना दिले जात नसे. हल्ला सुरू झाल्यावर मिलरने जखमींना हलवले, प्राणांतिक जखमी झालेल्या कप्तानाला उचलण्यास हात दिला आणि मग मशीनगनमागे उभे राहून गोळ्या संपेपर्यंत ती चालवली.

२६/
पुढे कित्येक आठवडे वृत्तपत्रांत त्याचा उल्लेख केवळ 'एक अनाम कृष्णवर्णीय सेवक' असा होत राहिला. २७ मे १९४२ रोजी ॲडमिरल निमिट्झ यांनी त्याच्या छातीवर 'नेव्ही क्रॉस' लावला. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये तो जहाजासह बुडाला. एखाद्या म्हाताऱ्या मिलरने पुढे हीच हकीकत घरच्या अंगणात सांगितली असती आणि ऐकणाऱ्याने केवळ त्याच्या पेशाचा रकाना पाहिला असता, तर तिच्यावर विश्वास ठेवायला काहीच कारण सापडले नसते. २०२० मध्ये अमेरिकी नौदलाने एका नव्या विमानवाहू नौकेला त्याचे नाव देण्याचे जाहीर केले.

(धागा समाप्त)